त्सो कारच्या काठाने, तहानलेले

लडाखमधला रुमत्से ते त्सो मोरिरी ट्रेक करणार असाल तर पाँगानागू ते नुरुचन या टप्प्याला 'आरामाचा दिवस' म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. लेहमधल्या आमच्या एजंटने तेच सांगितलं होतं. सपाट आहे, त्सो कार तळ्याच्या कडेकडेने जायचं. सपाट आहे, खरंय. तळंही आहे. पण खारं! काठावर मिठाचा पांढरा थर. पूर्वी चांगपा (इथले भटके पशुपालक) हेच मीठ काढून विकायला न्यायचे. वाटेत एखादं टाकं, झरा लागेलच, या सह्याद्रीतल्या सवयीने आम्ही माणशी एक लिटर घेऊन निघालो. साडेसहा तास लागले. सावलीला झुडूप नाही, अकरानंतर तोंडावर वारा, आणि मुक्कामाची जागा दिसायला लागली की तासभर दिसतच राहते. राजगड-तोरणा एका दिवसात मारणारा मित्र शेवटी बोलेनासा झाला. गोड्या पाण्याचं स्तार्त्सापुक त्सो शेजारीच आहे, हे मुक्कामाला पोचून नकाशा उघडल्यावर कळलं. माणशी तीन लिटर घ्याच.

पहिले दोन-तीन दिवसही सोपे समजू नका, दुसऱ्याच दिवसापासून 5000 मीटरच्या वरच्या खिंडी लागतात. लेहला (3500 मीटर) तीन रात्री नीट काढा, त्याने उंचीचा त्रास कमी होतो, पण रुमत्सेच्या पुढे तो होणारच नाही असं नाही.

दुसरी ठेच सामानाच्या घोड्यांची. घोडेवाल्याच्या परतीच्या दिवसांचेही पैसे द्यावे लागतात. रीत रास्त आहे, त्याला घोडी घेऊन माघारी जायचंच असतं. पण एजंटने हे ट्रेक संपून कोरझोकला पोचल्यावर काढलं, तेही चढ्या दराने. निघण्याआधी कागदावर लिहून घ्या.

कियांग, म्हणजे रानगाढवं, कळपाने दिसली. आम्ही कॅमेरे काढले, घोडेवाल्याने तोंड वाकडं केलं. पश्मिना देणाऱ्या बकऱ्यांच्या वाटचं गवत हे खातात, असं त्याचं म्हणणं. ज्याची बकरी उपाशी राहते तो असंच म्हणणार. चांगपांच्या रेबोकडे (याकच्या केसांचा काळा तंबू) थेट चालत जाऊ नका, कुत्री मोकळी असतात. लांबून हाक मारा, फोटो विचारून काढा. लोणी-मिठाचा चहा दिला तर प्या. दुसऱ्या पेल्यापासून आवडतो.

'यालुंग न्याउ ला' ही खिंड 5400 मीटरच्या वर आहे, सगळे तिचीच भीती घालतात. पहाटे निघा, हळू चढा, जमतं. माथ्यावरून निळं त्सो मोरिरी दिसलं तेव्हा मी मोठ्याने ओरडलो, मग पाच मिनिटं दम खात बसलो. नुरुचनच्या दिवसापेक्षा ती खिंड मी दोनदा चढेन.