तुम्ही विचारलंत म्हणून: बोसूवर स्क्वॅट मारू का?

फोंड्याच्या आमच्या जिममध्ये नवीन पोरांचा प्रश्न ठरलेला. “सर, बारबेल घेऊन त्या बोसूवर, म्हणजे निळ्या अर्ध्या चेंडूवर, स्क्वॅट मारू? कोअर बनतं म्हणे.” कोअर म्हणजे पोट-कमरेचे स्नायू.

वजन घेऊन नको. पायाखालचं हललं की स्नायू आधी तुम्हाला सावरायला धावतात, वजन उचलायला त्यांच्याकडे फारसं उरत नाही. कॅनडातल्या अँडरसन आणि बेम यांनी २००४ मध्ये चेस्ट प्रेसचा जोर मोजला. बाकाऐवजी मोठ्या चेंडूवर पाठ टेकल्यावर तो सुमारे ६० टक्क्यांनी घटला. स्नायू किती राबतायत हे दाखवणारी त्यांच्यातली विद्युत हालचाल मात्र जवळपास होती तेवढीच. म्हणजे थरथर भरपूर आणि जोर अर्धाही नाही. रीलवर थरथरच दिसते म्हणा! ताकद हवी असेल तर जमिनीवर उभं राहून उचला. कोअरला तिथेही काम पडतं.

बोसूचा खरा उपयोग घोट्यासाठी. आपल्याकडे भात कापून झालं की शेतातच फुटबॉल सुरू होतो. खुंटांत पाय पडतो, तळवा आत वळतो, बाहेरच्या बाजूचे लिगामेंट ताणले जातात. सूज उतरते, पण पाय तिरका पडतोय हे घोट्याला वेळेवर कळेनासं होतं, आणि तोच घोटा पुन्हा मुरगळतो. नेदरलँड्समधल्या व्हॉलीबॉलपटूंना डळमळत्या फळीवर सराव दिला, तेव्हा आधी मुरगळलेल्यांचे घोटे कमी वेळा मुरगळले. त्याच अभ्यासात ज्यांचे गुडघे आधीच दुखावलेले होते त्यांचा त्रास मात्र वाढला, तेव्हा गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी सांगा.

धडधाकट तरुणांसाठी आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ११ ते १५ मिनिटं, असं ११-१२ आठवडे पुरतं. एक प्रकार २१ ते ४० सेकंद. अनवाणी, भिंतीजवळ, गुडघा किंचित वाकवून एका पायावर उभे राहा. जमलं की मान डावी-उजवीकडे वळवा. मग साध्या फरशीवरच डोळे मिटून बघा. तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांची जाणीव मिळून सांभाळतात. डोळे मिटले की छान बांध्याची पोरंसुद्धा काही सेकंदांत दुसरा पाय टेकतात. हे जमेपर्यंत चेंडूला हात लावू देत नाही मी.

आणि बोसूवर तरबेज झालात म्हणून होडीतही सरळ उभे राहाल, असं नाही. तोल ज्याचा सराव कराल त्यातच मुख्यतः सुधारतो. फुटबॉलसाठी हवा असेल तर एका पायावर उभं राहून पास झेला, उडी मारून एका पायावर उतरा.

मिरामारला वाळूत धावलं तर चालेल का, असंही विचारतात. चालेल. फक्त पाण्याच्या कडेची ओली वाळू घट्ट असली तरी उतरती असते, एक घोटा सारखा तिरका पडतो. जेवढं जाल तेवढंच त्याच कडेने परत या.