बिगल्सप्रेमींचा मेळावा : एक कथा, दोन आवृत्त्या आणि सायकलचं चाक

जुन्या विमानकथांच्या वाचकांचे मेळावे भरवताना माझं एक मत पक्कं झालं आहे. दिवसभरासाठी एकच कथा घ्यावी. बिगल्स या काल्पनिक ब्रिटिश वैमानिकाची पुस्तकं शंभराच्या घरात आहेत. विषय मोकळा सोडला की जो तो लहानपणच्या आठवणी सांगत बसतो आणि आणलेली पुस्तकं पिशवीतच राहतात.

कथा पहिल्या महायुद्धातली घ्यावी, कारण तिथे पडताळून पाहायला भरपूर आहे. बिगल्सची पहिली कथा एप्रिल १९३२ मध्ये ‘पॉप्युलर फ्लाइंग’ मासिकात आली. त्याचे संपादक होते खुद्द लेखक डब्ल्यू. ई. जॉन्स. सुरुवातीच्या कथांतले वैमानिक पितात, खचतात, चिडतात. मुलांसाठी काढलेल्या पुढच्या आवृत्त्यांत हे सौम्य झालं. ‘द बलूनॅटिक्स’ या कथेत बक्षीस मुळात व्हिस्कीची पेटी आहे, नंतरच्या आवृत्तीत तिचं लेमोनेड झालं! म्हणून दोन्ही आवृत्त्या मिळवाव्यात. एकाने जुनी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने नव्या प्रतीवर बोट ठेवून बसायचं आणि फरक आला की थांबवायचं. एका वाचकाकडे दीड हजारांहून जास्त शब्द देऊ नयेत. त्यापुढे आवाज सपाट होतो आणि फरक निसटतात.

वाचनानंतर विमानाकडे वळावं. जॉन्स स्वतः ५५ स्क्वॉड्रन या हवाई तुकडीत डीएच-४ हे बाँबफेकी विमान चालवत आणि सप्टेंबर १९१८ मध्ये पाडले जाऊन जर्मनांच्या कैदेत गेले. नायक मात्र सॉपविथ कॅमल या एका आसनाच्या लढाऊ विमानात बसतो. उजवीकडे वळताना कॅमलचं नाक खाली का झुकतं, हे फळ्यावर कितीही समजावलं तरी पटत नाही. त्यासाठी लहान मुलांच्या सायकलचं, २० इंची टायरचं पुढचं चाक आणावं. आसाच्या एका टोकाला वीतभर लांबीची नळी घट्ट बसवावी. नळी दोन्ही हातांत छातीसमोर आडवी धरायची, चाक पलीकडच्या टोकाला आणि आस समोर रोखलेला. दुसऱ्याने चाक नळी धरणाऱ्याच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्याच्या दिशेने जोरात फिरवून द्यायचं. आता उजवीकडे वळा. चाक खाली झुकू पाहतं. डावीकडे वळलं की वर उचललं जातं. कॅमलच्या रोटरी इंजिनात पंख्याबरोबर सगळी सिलिंडरंही गरगर फिरत, त्यामुळे हाच जोर वैमानिकाला सावरावा लागे. एकदा हातांना तो झटका बसला की नवशिक्यांचे अपघात का व्हायचे ते वेगळं सांगावं लागत नाही. नळीचा नट आधी तपासावा, ओढणी आणि मोकळे केस लांब ठेवावेत. चाक जड वाटलं तर नळी आखूड करावी, फिरकीचा वेग कमी करू नये. वेग कमी झाला की परिणामच जाणवत नाही.

पुस्तकांच्या टेबलावर पाणी, चहा काही नको. हातमोजेही नकोत, त्यांनी पानाची कड कळत नाही आणि कागद फाटतो. धुऊन कोरडे केलेले हात उत्तम. युद्धकाळातल्या प्रती काटकसरीच्या कागदावर छापलेल्या असल्याने पिवळ्या आणि कडकडीत झालेल्या असतात. त्या सपाट उघडल्या तर पाठ तडकते, म्हणून दोन्ही बाजूंना उशा देऊन अर्धवटच उघडाव्यात. फोटोकॉपी यंत्रावर तर त्या पालथ्या घालूच नयेत, हवं ते पान वरून मोबाइलने टिपावं. जॅकेटला, म्हणजे पुस्तकाच्या सुट्या कागदी वेष्टनाला, पॉलिएस्टरचं पारदर्शक आवरण घालावं. साधं पीव्हीसीचं काळाने चिकट होतं आणि छपाई त्याला चिकटून येते. फाटलेल्या कडेला चिकटपट्टी लावणाऱ्याला मी प्रेमाने पण ठामपणे अडवतो, कारण तिचा डिंक कागदात मुरला की डाग कायमचा.

देवाणघेवाण शेवटच्या तासात ठेवावी. सकाळी ठेवली तर लोक पुस्तकं मिळाल्यावर निघून जातात. उसनी गेलेली प्रत वहीत नोंदवताना नावाबरोबर प्रकाशक, छपाईचं वर्ष आणि जॅकेट आहे की नाही हेही लिहावं. परत येताना दुसरीच आवृत्ती हाती आली तर ते तिथल्या तिथे कळतं.