कोस, सामोस, अथेन्स: ग्रीक विचारवंतांच्या गावांचा फेरफटका

ग्रीसला जाणारे बहुतेक जण अथेन्सचं ॲक्रोपोलिस, सँटोरिनी आणि मिकोनॉस करून परततात. वैद्यक, गणित आणि नीतिविचार जिथे रुजले ती ठिकाणं पाहायची असतील, तर त्या यादीतलं अथेन्स ठेवा आणि बेटं बदला. अथेन्स ते कोस, कोस ते सामोस, आणि सामोसहून परत अथेन्स असा मार्ग सोयीचा पडतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. या वाटेवर ज्या वस्तूवर थोर माणसाचं नाव ठळक लिहिलेलं असतं, ती बहुधा त्याची नसते. खरं बघण्यासारखं असतं ते थोडं पुढे, आणि तिथे गर्दीही कमी असते.

कोसला विमानाने अथेन्सहून तासाभरात पोचता येतं. पिरेअस बंदरातून जाणारी फेरी बहुतेक रात्रभर चालते. या बेटांच्या बोटी ई-१ फाटकातून सुटतात आणि ते मेट्रो स्टेशनपासून बरंच लांब आहे, त्यामुळे सामान घेऊन तासभर आधी पोचा. केबिनचे पैसे वाचवायला जाल तर पुढचा अख्खा दिवस झोपेत जाईल.

कोस शहरात किल्ल्यासमोर, जुन्या मशिदीशेजारी ‘हिप्पोक्रेटिसचं झाड’ आहे. याच झाडाखाली हा प्राचीन ग्रीक वैद्य शिष्यांना शिकवायचा असं सांगतात. चिनार जातीचं हे झाड भलंमोठं आहे, खोड पोकळ, फांद्यांना लोखंडी टेकू. पण वय साधारण 500 वर्षं. हिप्पोक्रेटिसचा जन्म इ.स.पू. 460 च्या सुमाराचा आणि आजचं कोस शहर वसलं इ.स.पू. 366 मध्ये, तेव्हा तो बहुधा हयातही नव्हता. फोटो काढा आणि निघा.

वेळ द्यायचा तो ॲस्क्लेपिऑनला, म्हणजे ॲस्क्लेपिऑस या आरोग्यदेवतेच्या देवस्थानाला. शहरापासून सुमारे 4 किलोमीटरवर आहे. सिटी बस जाते, सायकलनेही जाता येतं. रस्ता बराचसा सपाट आहे, चढ फक्त शेवटी लागतो. सकाळी उघडताक्षणी आत शिरा. उतारावर तीन मोठ्या पायऱ्यांसारखे तीन टप्पे आहेत आणि वर सावली जवळपास नाहीच. जूननंतर दहा वाजले की दगड तापतात. टोपी आणि माणशी दीड लिटर पाणी हवंच.

हे आरोग्यदेवतेचं देवस्थान हिप्पोक्रेटिसच्या पश्चात उभं राहिलं. म्हणजे ‘हिप्पोक्रेटिसचं इस्पितळ’ हे वर्णनही सैलच. पण त्याच्या परंपरेतले वैद्य आणि देवळात झोपून स्वप्नात उपाय मागणारे रुग्ण एकाच काळात होते, हे ध्यानात ठेवून फिरा. त्याच परंपरेतल्या एका ग्रंथात अपस्मार हा इतर रोगांपेक्षा जास्त दैवी नाही, त्यालाही नैसर्गिक कारण आहे, असं बजावलेलं आहे. मधल्या टप्प्यावर ॲस्क्लेपिऑस आणि अपोलो यांची देवळं जवळजवळ आहेत. पुन्हा उभे केलेले नक्षीदार खांब दिसतात ते अपोलोच्या देवळाचे, रोमन काळातले. वैद्यांनी घ्यायची हिप्पोक्रेटिक शपथ याच दोघांचं नाव घेऊन सुरू होते.

खालच्या टप्प्यावर, वर जाणाऱ्या जिन्याजवळ एका छोट्या देवळाचे अवशेष आणि कोरीव लेख असलेला चौथरा आहे. हे क्सेनोफोनने अर्पण केलेलं. क्सेनोफोन म्हणजे कोसचा वैद्य, रोमन सम्राट क्लॉडियसचा खास. त्याच्या शब्दाखातर बेटाला करमाफी मिळाली. आणि ओकारी काढायच्या निमित्ताने विषारी पीस घशात घालून याच वैद्याने सम्राटाचा काटा काढला, असं इतिहासकार टॅसिटस लिहितो. कुणालाही विष देणार नाही, हे शपथेतलं कलम या चौथऱ्याशेजारी उभं राहून वाचावं. बहुतेक गट इथे न थांबता सरळ जिना चढतात.

दुकानांत शपथेच्या गुंडाळ्या मिळतात. घेण्याआधी पहिली ओळ वाचा: अपोलोचं नाव नसेल तर ती आधुनिक आवृत्ती आहे. ‘अपाय करू नका’ हे सुटसुटीत घोषवाक्य मूळ शपथेत शोधाल तर सापडणार नाही. मदत करा, निदान अपाय तरी करू नका, हा विचार त्या मांडणीत ‘एपिडेमिक्स’ या ग्रंथात येतो. आपल्याकडे 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हिप्पोक्रेटिक शपथेऐवजी चरक शपथेची शिफारस केली तेव्हा बरीच वादावादी झाली. दोन्ही मजकूर सोबत नेलेत तर गुरूबद्दलचा आदर आणि रुग्णाचं गुपित राखणं या बाबतीत ते किती जवळ आहेत, हे जागेवरच ताडून बघता येईल.

कोसहून सामोसला उन्हाळ्यात कॅटामरान ही वेगवान बोट जाते. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा जोरात सुटला की ती रद्द होऊ शकते, म्हणून पुढच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. आणखी एक घोळ म्हणजे सामोसला तीन बंदरं आहेत: वाथी, कार्लोवासी आणि पिथागोरिओ. तिकिटावर नुसतं ‘सामोस’ असेल तर कोणतं ते विचारून घ्या.

पिथागोरिओच्या धक्क्यावर पायथागोरसचा पुतळा आहे, विसाव्या शतकातला. गावाचं हे नावही 1955 चं. त्याआधी ते तिगानी होतं. खरं गणित बघायचं ते गावामागच्या डोंगरात, युपालिनोसच्या बोगद्यात. इ.स.पू. सहाव्या शतकात गावात पाणी आणायला 1036 मीटरचा हा बोगदा दोन्ही टोकांकडून एकाच वेळी खणला. भूमितीकार युक्लिड अजून जन्मायचा होता. पायथागोरस त्या काळात याच बेटावर वाढत होता, पण काम मेगारा गावच्या युपालिनोस या स्थापत्यकाराचं.

दक्षिणेकडचा भाग बाणासारखा सरळ आहे. उत्तरेकडे खडक ठिसूळ लागल्यामुळे वळसा घ्यावा लागला. भेटीच्या जागेजवळ मार्ग मुद्दाम वळवलेले आहेत, म्हणजे दिशेत थोडी चूक झाली तरी बोगदे समांतर निसटून न जाता एकमेकांना छेदतील. तळाच्या पातळीत फरक पडला तो फक्त 60 सेंटिमीटरचा. बोगद्याचा तळ जवळजवळ सपाट असून पाण्याचा उतार बाजूच्या चरात दिलाय: उत्तरेला सुमारे 4 मीटर खोल, दक्षिणेला 8 मीटरच्या वर. जाळीतून खाली वाकून बघा.

प्रवेश ठरावीक वेळेला, गटाने. आधी आरक्षण करा आणि लहान फेरी की संपूर्ण, हे तेव्हाच ठरवा. हेल्मेट मिळतं, ते काढू नका, कारण उंची जेमतेम 1.8 मीटर. सुरुवातीचा बांधीव भाग इतका अरुंद आहे की पाठीवरची पिशवी अडते. बंद जागेची भीती असणाऱ्यांनी लहान फेरीचाही हट्ट धरू नये. बाहेर ऊन असलं तरी आत गारवा असतो, एक पातळ जॅकेट पुरे.

गावात ‘पायथागोरसचा पेला’ विकतात. आत मधोमध खांब असतो. खुणेपर्यंत भरला तर ठीक, त्यावर गेला की सगळं तळाच्या भोकातून वाहून जातं. पायथागोरसशी त्याचं नातं दंतकथेपुरतंच, पण वक्रनलिका (सायफन) मात्र खरी. कृष्णाच्या पायाला पाणी लागताच रिकामं होणारं आपल्याकडचं वासुदेवाचं भांडं याच तत्त्वावर चालतं. दुकानात पाणी भरून बघितल्याशिवाय घेऊ नका. खांबाची आतली नळी बुजलेली असली तर पेला रिकामाच होत नाही.

अथेन्समध्ये फिलोपाप्पोस टेकडीवरच्या लोखंडी गज लावलेल्या गुहांना ‘सॉक्रेटिसचा तुरुंग’ म्हणतात. त्याला आधार नाही. दुसऱ्या महायुद्धात तिथे प्राचीन मूर्ती लपवल्या होत्या. तुरुंग असण्याची त्यातल्या त्यात शक्यता असलेली इमारत प्राचीन अगोराच्या, म्हणजे बाजारचौकाच्या, नैर्ऋत्येला आहे. तिथे 13 चिमुकल्या मातीच्या कुप्या सापडल्या, सॉक्रेटिसला दिलं तसलं विष मोजायच्या असाव्यात असा तर्क आहे, पण अभ्यासकांचं एकमत नाही. अगोराच्या संग्रहालयात कोर्टातल्या भाषणाची वेळ मोजणारं मातीचं जलघड्याळ आहे, एकदा भरलं की सुमारे सहा मिनिटं चालणारं. ते चुकवू नका.

ॲरिस्टॉटलचं लायसियम, म्हणजे त्याची शाळा, इव्हान्गेलिस्मॉस मेट्रोजवळ आहे. 1996 च्या खोदकामात सापडलं, आता दिसतात फक्त पाये. अर्धा तास पुरतो, तोही आधी वाचून गेलात तर.

अँटिकिथेरा यंत्र, म्हणजे ग्रहणं वर्तवणारं प्राचीन दातेरी यंत्र, राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. 82 तुकडे आणि निदान 30 कांस्य चाकं शिल्लक आहेत. ग्रहणांचं चक्र 223 चांद्रमासांचं, आणि तेच गणित या दात्यांत बसवलंय. मोठे तुकडे मागच्या बाजूनेही बघा, अक्षरं तिथे जास्त आहेत. उन्हाळ्यात हे संग्रहालय मंगळवारी दुपारी उघडतं. परतीचं विमान मंगळवारी संध्याकाळचं असेल तर यंत्र आदल्या दिवशीच पाहून घ्या.