आधी पास, मग घर

सांगलीहून नवी मुंबईतल्या बेलापूरला बदली झाली तेव्हा रुजू व्हायला जेमतेम आठवडा हातात होता. तेवढ्यात घर मिळणं अशक्यच, म्हणून ठाण्याला नौपाड्यात आत्याकडे मुक्काम टाकला. आत्या म्हणाली, "राहा की गं वर्षभर, तू काय जड झालीस का?" ती मनापासूनच म्हणत होती. पण वन बीएचकेत आत्या, काका, बारावीतला आतेभाऊ आणि हॉलमध्ये माझी गादी, हे वर्षभर रेटण्यासारखं नव्हतं. त्यात तो पोरगा रात्री एक-दीडपर्यंत त्याच हॉलमध्ये दिवा लावून अभ्यासाला बसायचा.

त्यामुळे सगळा क्रमच उलटा झाला. लोक आधी घर ठरवतात आणि मग प्रवास जमवून घेतात. मी आधी ठाणे ते सीबीडी बेलापूर लोकलचा पास काढला आणि त्याच पासावर घर शोधलं. कुणी विचारलं तर मी आता हाच क्रम सांगते.

नकाशावर हा प्रवास अगदी सोपा दिसतो. ठाण्याहून पनवेल लोकल पकडायची, चाळीसेक मिनिटांत बेलापूर, मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. पण ट्रान्स-हार्बरच्या, म्हणजे ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या मार्गाच्या, गाड्या सुटतात नऊ-दहा नंबरवरून, म्हणजे पूर्वेच्या टोकाला, आणि नौपाडा पश्चिमेला. अख्खा पूल ओलांडायचा, तोही कर्जत-कसाऱ्याच्या गाडीतून उतरलेला लोंढा समोरून येत असताना. घरातून निघून प्लॅटफॉर्मवर पोचायला मोबाइल जो वेळ दाखवायचा त्यात मी माझी दहा मिनिटं मिळवायला लागले, तेव्हा कुठे गाडी मिळायला लागली.

या मार्गावर फास्ट-स्लो हा प्रकार नाही, प्रत्येक गाडी प्रत्येक स्टेशन घेते. बघायचं ते गाडी कुठली आहे एवढंच. वाशीची गाडी तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, ती मला निरुपयोगी. नेरुळची गाडी बेलापूरच्या दोन स्टेशनं अलीकडे संपते. सुरुवातीला मी नेरुळवाली सोडून पनवेलचीच वाट बघायची. मग डब्यातल्या एका काकूंनी सांगितलं, "अगं, नेरुळला उतर आणि मागून सीएसएमटीहून हार्बरची येते ती पकड. इथे उभी राहून काय करतेस?" हार्बर म्हणजे मुंबईहून पनवेलकडे येणारा दुसरा मार्ग. हे नेरुळ डोक्यात तेव्हा पहिल्यांदा शिरलं.

लेडीज डब्याचं एक शास्त्र आहे. ठाण्यालाच गाडी भरते, बसायला मिळेल ही आशा सोडायची. आत शिरल्यावर बसलेल्या बाईला विचारायचं, "कुठे उतरणार?" ती "ऐरोली" म्हणाली तर लॉटरी, तिच्यासमोरून हलायचं नाही. आयटी कंपन्यांतल्या मुली ऐरोली, रबाळे, घणसोलीला उतरतात, त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रांच्या दोऱ्या बघूनसुद्धा अंदाज येतो. कोपरखैरण्यानंतर डबा इतका मोकळा होतो की पाय पसरून बसावं. परतताना बरोबर उलट. बेलापूरला सहज जागा मिळते, घणसोलीपासून माणसं कोंबली जातात आणि ठाण्याला उतरताना पर्स पोटाशी धरावी लागते.

या डब्यातच मला घरांची खरी माहिती मिळाली. दलाल सांगतो ते एक, आणि पंधरा वर्षं कोपरखैरण्याला राहणारी बाई मेथी निवडता निवडता सांगते ते वेगळंच. गावठाणातली बिल्डिंग स्वस्त का मिळते, कुठल्या सेक्टरात रात्री रिक्षा येत नाही, कुठला मालक डिपॉझिट परत करताना रंगाचे पैसे कापतो, सगळं तिथे कळतं.

पासाचा फायदा असा की ठाणे आणि बेलापूरच्या मधल्या कुठल्याही स्टेशनवर उतरायला वेगळं तिकीट लागत नाही. मी ऑफिस सुटल्यावर परतीच्या वाटेवर उतरायला लागले. एका संध्याकाळी एकच स्टेशन. दलालांना हे आवडत नाही, त्यांना रविवार हवा असतो. "मॅडम, रविवारी या, आरामात चार घरं दाखवतो." पण रविवारी मेगाब्लॉक नसेल तर नशीब, आणि रविवारी दुपारी बघितलेल्या घराचा सोमवार सकाळशी काही संबंध नसतो. संध्याकाळी सातला स्टेशनबाहेर रिक्षाची रांग किती, रस्त्यावर दिवे आहेत का, हे त्याच वेळी जाऊन बघितलं तर दिसतं.

"स्टेशनपासून पाच मिनिटं" हे वाक्य प्रत्येक दलालाच्या तोंडी आहे. ही पाच मिनिटं त्याच्या बाइकवरची. नवी मुंबईतली स्टेशनं मोठी आहेत, प्लॅटफॉर्मवरून सबवेतून बाहेर रस्त्याला लागेपर्यंतच तीन-चार मिनिटं जातात. मी दलालाला इमारतीपाशी थांबायला सांगायची आणि प्लॅटफॉर्मपासून स्वतः चालत जायची. एक तर पाच मिनिटांचं घर बावीस मिनिटांवर निघालं. दलाल म्हणाला, "ताई, तुम्ही हळू चालता."

ऐरोली आत्याला पसंत होतं, ठाण्याच्या उंबऱ्यावर म्हणून. पण तिथून मला रोज त्याच एका मार्गावर अवलंबून राहावं लागणार होतं. जुलैत एक दिवस पावसाने गाड्या खोळंबल्या, मी बेलापूरहून ठाण्याची बस धरली. ऐरोली, दिघा ठीक गेलं आणि विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं. पुढे बस नाही, मागे जागा नाही. बसमधल्या लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं, त्यांच्यासाठी ते दरवर्षीचंच. घरी पोचायला साडेनऊ वाजले. ऑफिसच्या जितकं जवळ तितकं बरं, हे मी त्या बसमध्येच पक्कं केलं.

मग बेलापूरच्या पलीकडे खारघर बघितलं. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर 2023मध्ये सुरू झाली, अकरा स्टेशनं, डबे स्वच्छ आणि गर्दी बेताची. मेट्रोने ऑफिसला जायची कल्पना मला फारच आवडली होती. खारघरचे रस्ते रुंद, मागे डोंगर, पावसात तर बघत राहावं. पण खारघर येतं पनवेल महापालिकेत. नेरुळ, कोपरखैरणे नवी मुंबई महापालिकेत, आणि पाण्यासाठी तिचं स्वतःचं मोरबे धरण आहे. डब्यातल्या बायकांनी आधीच बजावलं होतं, "भाडं विचारायच्या आधी पाणी किती वेळ येतं ते विचार." मी वॉचमनला विचारायची, मालकाला नाही. तरीही घेतलं असतं एक घर, पण सोसायटीला फॅमिलीच हवी होती. एकटी बाई, वय चौतीस, सरकारी नोकरी, हे त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसेना. नवी मुंबई विमानतळाजवळच्या उलव्याचा एक दलाल त्या विमानतळाने भाव कसे वाढणार हे रंगवून सांगत होता. मी म्हटलं, "दादा, मला भाड्याने राहायचंय. भाव वाढले तर भुर्दंड मलाच."

नेरुळला येईपर्यंत माझा हिशेब साधा झाला होता: ऑफिसकडे नेणाऱ्या गाड्या किती? नेरुळला हार्बर आणि ट्रान्स-हार्बर दोन्ही मार्गांच्या गाड्या येतात. ठाण्याला आत्याकडे थेट जाता येतं. आणि सकाळी मुंबईकडे जाणारी गर्दी समोरच्या प्लॅटफॉर्मवर असते, आपण उलट्या दिशेला.

तिथे तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत एक वन बीएचके दाखवलं. चार मजल्यांची इमारत, गच्चीवर पत्र्याची शेड. पावसाळ्यात घर बघण्यासारखं दुसरं काही नाही, भिंत खोटं बोलू शकत नाही. आधीच्या एका घरात बेडरूमला ताजा ऑइल पेंट होता आणि कपाटामागे हात घातला तर रंगाचा पापुद्रा बोटांना चिकटून आला, खाली ओलसर, काळपट. इथे मी चारही कोपरे चाचपले, बाथरूमच्या पाठीमागची भिंत जास्त वेळ. खिडकीखाली एक जुना डाग होता, पण कोरडा. मालकीणबाई बघत होत्या. म्हणाल्या, "ते मागच्या वर्षीचं आहे, ग्रिलचं सिलिकॉन करून घेतलंय." लपवलं नाही हे मला आवडलं. त्यांनी मला विचारलं ते एवढंच की डबा घरी करणार का बाहेरून आणणार.

भाडं एकोणीस हजार, डिपॉझिट साठ हजार, दलाली एका महिन्याच्या भाड्याएवढी. करार अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता राहायचा परवाना. एजंटने कागदपत्रांचे चार हजार सांगितले, तेव्हा मी कागद-पेन घेऊन बसले. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के, तेही एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर. अकरा महिन्यांचे दोन लाख नऊ हजार, अधिक व्याजाचे साडेपाच हजार. शुल्क येतं साडेपाचशेच्या आसपास, नोंदणी फी हजार. बाकी सगळी त्याची मजुरी. मशीन घेऊन घरी येतो, अंगठे घेतो, त्याचे पैसे घ्यावेतच, पण किती ते आपल्याला माहीत असावं. तो तीन हजारांवर आला. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55प्रमाणे करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची, म्हणून खर्च निम्मा-निम्मा करायला मालकीणबाई तयार झाल्या. पोलिसांकडची भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरली. सोसायटीने फोटो आणि आधारची प्रत घेतली.

सामान दोन बॅगा आणि आत्याने दिलेला कुकर, एका लोकलमध्ये मावलं. आता सकाळी सव्वानऊला निघते, पनवेलची किंवा बेलापूरची जी येईल ती धरते. उरणची तेवढी सोडायची. ती सीवूड्सनंतर बेलापूरला न येता उलव्याकडे वळते, आणि पहिल्या आठवड्यात घाईत चढलेले बरेच जण तिथून फोन करताना दिसतात.