हातचा एक

एक तास कमी येतोय.

पायलटच्या लॉगबुकात, म्हणजे विमान उडवलेल्या तासांच्या वहीत, ९,८४६:२०. सॉफ्टवेअरमध्ये ९,८४५:२०. मिनिटं जुळतात, तास जुळत नाही, रात्रीचे पावणेदोन वाजलेत आणि मी डायनिंग टेबलावर तीन लॉगबुकं, पोरीची फूटपट्टी आणि गार झालेला चहा घेऊन बसलोय. घरात सगळे झोपलेत. कोणाला उठवून काय सांगणार, माझा एक तास हरवला म्हणून?

हे काम काढलं ते खरं तर वेळ जात नाही म्हणून. मेडिकलमध्ये टेम्पररी अनफिट, तीन महिने विमान उडवायचं नाही. यातला टेम्पररी हा शब्द मोठ्याने म्हणायचा असतो, विशेषतः आईसमोर. विमान वाहतूक डायरेक्टोरेटच्या ईजीसीए पोर्टलवर ई-लॉगबुक आहेच, पण ते सरकारचं, आणि मला ते स्वतःचं असं पाहिजे होतं, पहिल्या ओळीपासून, फोनवर उघडलं की सगळं दिसेल असं. मित्र म्हणाला, येडा आहेस का, मागचं सगळं एकूण एका ओळीत टाक, 'प्रीव्हियस एक्सपिरियन्स' म्हणून सोय असते, आणि आजपासून पुढे सुरू कर. आजपासून पुढे म्हणजे माझ्या बाबतीत नेमकं कधीपासून, ते मी त्याला विचारलं नाही.

तर तीन आठवडे टाइप करतोय. २०१२ नंतरचं सगळं रोस्टरच्या सिस्टीममधून एक्सेलमध्ये मिळालं, ते एका दुपारीत आत गेलं. पहिली दोन पुस्तकं मात्र हाताने, ओळ न् ओळ. शाळेतून आल्यावर पोरगी वाचून दाखवते आणि मी टाकतो. पहिल्या पुस्तकाला पावसाळ्याचा तो कुबट वास लागलाय आणि काही पानांवर शाई फुटून विमानाचं रजिस्ट्रेशन व्हीटी-ई-आणि-पुढे-डाग एवढंच उरलंय.

"बाबा, सी अँड एल म्हणजे काय?"

"सर्किट अँड लँडिंग."

"म्हणजे तू उडालास आणि परत तिथेच उतरलास?"

"हो."

"एका दिवसात आठ वेळा?"

यावर काय बोलणार. बरोबरच आहे तिचं.

सॉफ्टवेअरही कमी नाही. २००७ मधलं बंगलोर टाकलं की ते गुपचूप नव्या विमानतळाचा कोड लावतं. अरे बाबा, ते मे २००८ मध्ये सुरू झालं, त्याच्या आधी आम्ही एचएएलच्या जुन्या विमानतळावर उतरायचो. हैदराबादचं तेच, मार्च २००८ पर्यंत बेगमपेट, मग शमशाबाद. म्हणजे सॉफ्टवेअरच्या मते पहिलं जवळजवळ वर्षभर मी माणसं घेऊन शेतात उतरत होतो. आणि रात्र! ते प्रत्येक ठिकाणचा सूर्यास्त स्वतः काढतं आणि त्यावरून नाइटचे तास भरतं, आणि माझी रात्र आणि त्याची रात्र काही केल्या जुळत नाही. कुठे दहा मिनिटं इकडे, कुठे पंधरा तिकडे. ते मी सोडून दिलं. रात्र कमीजास्त झालेली चालते आणि एकूण आकडा हलला की झोप उडते, असं का?

तारखांचंही. शिकताना फ्लाइंग क्लबमध्ये आम्ही आपल्या टायमाने लिहायचो, एअरलाइनमध्ये आल्यावर सगळं यूटीसीत, जगभर एकच असलेल्या, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या टायमात, म्हणजे इथून रात्री दोनला निघालेलं दिल्ली लॉगबुकात आदल्या तारखेला साडेआठला जातं. पोरीच्या जन्माच्या रात्रीची ओळ तिनेच वाचली, तारीख बघितली, आणि काही न बोलता पुढच्या ओळीवर गेली. तिला यूटीसी अजून नीट कळत नाही ते एक बरंय.

असो. तास.

शोधायला फार वेळ लागला नाही. तिसऱ्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर फरक होताच, दुसऱ्याच्या पहिल्या पानावरही होता, म्हणजे भानगड पहिल्याच पुस्तकातली. मग पट्टी ठेवून एकेक पान. आणि सापडलं. मे २००६. ४४ डिग्री ऊन, सेस्ना १५२, बारा ओळी, त्या पानाची बेरीज ७:५५. मागील पानावरून पुढे १०४:४०. आता हे तिसरीतल्या पोराला येईल. चाळीस आणि पंचावन्न पंच्याण्णव, म्हणजे पस्तीस मिनिटं आणि हातचा एक. एकशे चार आणि सात एकशे अकरा, आणि हातचा एक, एकशे बारा. ११२:३५.

मी लिहिलंय ११३:३५. कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक १ काढलाय, हातच्याचा, आणि तो मी दोनदा धरलाय. खाली महिनाअखेरची, उडवायला शिकवणाऱ्या सरांची सही. त्यांची सही म्हणजे एक आडवी रेघ आणि शेपूट. सर बेरीज कधी बघायचे नाहीत, आमचे डोळे बघायचे. सरांबद्दल परत कधीतरी.

त्या दिवसापासून हा एक तास माझ्याबरोबर आहे. प्रत्येक पानावरून पुढच्या पानावर गेलाय. प्रत्येक फॉर्मवर गेलाय. मुलाखतीत सांगितलाय, कॅप्टन होताना, कमांडच्या वेळी सांगितलाय, लग्न ठरवताना सासऱ्यांनासुद्धा तासांचा आकडा सांगितला होता, त्यांनी विचारला होता म्हणून, त्यात हा होता. आणि तो कधी झालाच नव्हता. त्या तासात मी कुठेही नव्हतो. खाटेवर झोपलो असेन क्लबच्या शेडमध्ये.

मग पोटात गोळा आला. कारण कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. मी अर्ज केला तेव्हा नक्की किती होते? खरंच आठवेना. २००:१० असतील तर? म्हणजे खरे १९९:१०? म्हणजे पुढचं सगळंच? २०११ मध्ये बनावट मार्कशीटवर लायसन्स घेतलेल्यांची धरपकड झाली होती तेव्हा आम्ही कॅन्टीनमध्ये बसून काय काय बोललो होतो त्यांना, ते सगळं शब्दन् शब्द आठवलं. दहा मिनिटं पान उलटायची हिंमत होईना. उलटलं. २०४:२५. एक वजा, २०३:२५. तरी वरच. पीआयसीचे, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन उडवलेले, १०० वेगळे, त्यातही हा तास नाही, हातचा फक्त एकूणच्या रकान्यात घुसलाय. पुढे एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनच्या कॅप्टनच्या लायसन्सला, १,५०० लागतात तिथेही चांगले तीसेक जास्तीचे होते. म्हणजे कायद्याने काही वाकडं नाही. पाणी प्यायलो.

पण झोप लागेल तर शपथ. कायद्याचा प्रश्न नाहीच ना. माझं काय होतंय ते मला माहितीये, फक्त लिहिताना लाज वाटतेय. हा एकच आकडा होता जो कधी कमी व्हायचा नाही. केस कमी झाले, डोळ्यांचा नंबर बदलला, बँकेतलं तर विचारूच नका, पण लॉगबुकातलं एकूण नेहमी कालच्यापेक्षा जास्त. दिवाळीपर्यंत दहा हजार होतील असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मग तो तीन महिने थांबला, ते एक वेळ समजू शकतो. पण मागे यायचं काय कारण?

घाटकोपरला राहून हे विसरताही येत नाही. पावसाळ्यात विमानतळाचा रनवे २७ चालू, म्हणजे उतरणारी सगळी इथूनच, चाकं खाली, फ्लॅप बाहेर, पाचव्या मजल्यावरून पोट दिसतं. आवाजावरून कळतं एअरबस ३२० आहे की पंख्याचं एटीआर. आणि सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात एक चौकोन आहे, गेल्या ९० दिवसांतली लँडिंग मोजतो. तीन टेकऑफ, तीन लँडिंग पाहिजेत. जुनी जुनी रोज एकेक गळत होती. परवा चार होती, काल तीन, आज दोन, आणि चौकोन लाल. कोणी काही बोललेलं नाही, नुसता लाल झालाय.

*

दुसरा दिवस, दुपार.

रात्री लिहून झाल्यावर झोपायला गेलो नाही. अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, कपाटातली ती वही काढली. क्लबला तासावर पैसे भरायचो आणि अण्णा प्रत्येक पावती त्या वहीत चढवायचे. बेस्टमध्ये अकाउंट्सला आयुष्य काढलेला माणूस, चार आण्याचा फरक आला तर लेजर डोक्यात घेऊन घरी यायचा आणि जेवताना मध्येच "अच्छा, ते दादरचं" म्हणायचा.

म्हटलं, पैसे तर मी न उडालेल्या तासाचे भरलेले नसणार. मग वहीत काय आहे?

डाव्या बाजूला पावती क्रमांक, मधे तास-मिनिटं, उजवीकडे रुपये. शेवटी दोन रेघा मारून एकूण: २०३ ता. २५ मि. आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने, अण्णांच्या त्या बारीक अक्षरात, २०४–२५. आणि प्रश्नचिन्ह.

म्हणजे त्यांना माहीत होतं. अर्जाच्या आदल्या रविवारी मी लॉगबुक घरी आणलं होतं, आईने हळदकुंकू लावलं होतं त्याला, तेव्हाच त्यांनी बघितलं असणार. एक तास जास्त. आणि विचारलं नाही. चार आण्यासाठी जेवतानाही हिशोब करणारा माणूस एका तासाबद्दल गप्प बसला. त्यांना काय वाटलं असेल? मी मुद्दाम वाढवला? का वाटलं, एखादा तास कोणी फुकट उडवला असेल, पोराचं नशीब? पुढे कितीतरी वर्षं मिळाली होती विचारायला. नसतं विचारलं तरी मीच कधी ती वही बघायला मागितली असती तर. त्याच वहीत शेवटच्या पानावर गावच्या जमिनीचं आहे, ते मी तेव्हा वाचलं नव्हतं, रात्रीही वाचलं नाही.

सकाळी आईला दाखवलं. दोन्ही पुस्तकं समोर ठेवली, सगळं समजावलं, हे खरं, हे खोटं, हे अण्णांचं. तिने चष्मा लावून मे २००६ चं पान बघितलं, ओठांतल्या ओठांत बेरीज केली आणि म्हणाली, "हातचा दोनदा धरलास. तिसरीतही हेच करायचास. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती."

"अण्णा काही बोलले होते का गं तेव्हा?"

"तुझ्याबद्दल ते माझ्याशी कुठे बोलायचे. शेपूची भाजी करतेय, चालेल ना?"

मला हसूच आलं. रात्रभर मी एवढं मोठं काय काय करून बसलो होतो आणि ही तिसरीतल्या चिठ्ठीवर.

आता प्रश्न पुस्तकाचा. लॉगबुक शाईने लिहायचं, शेवटच्या नोंदीनंतर किमान पाच वर्षं जपायचं, तसं १९३७ च्या एअरक्राफ्ट रूल्समध्येच होतं, आणि चूक झाली तर व्हाइटनर नाही, एक रेघ मारून वर बरोबर आकडा आणि शेजारी सही. म्हणजे मे २००६ पासून आजपर्यंत प्रत्येक पानाच्या तळाशी एक रेघ, एक आकडा, एक सही. पानं मोजली. तीनशे सव्वीस. तीन महिन्यांची सोय झाली म्हणायची. पोरगी म्हणाली, फक्त शेवटच्या पानावर एक वजा कर ना, आणि बाजूला कारण लिही. कारण काय लिहू? "एरर इन कॅरी फॉरवर्ड" असं इंग्रजीत फार भारदस्त दिसतं.

तेच लिहिलं. शेवटच्या पानावर, काळ्या शाईने, सही करून. ९,८४५:२०. दिसायला वाईट नाही दिसत.

मग अण्णांची वही कपाटात ठेवायच्या आधी पेन्सिल घेतली आणि त्या प्रश्नचिन्हाशेजारी "तुमचं बरोबर" लिहिलं. लगेच खोडलं. त्यांच्या वहीत हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, आईलासुद्धा. पण पेन्सिल जरा दाबूनच लागली होती, कागद उजेडात धरला की वाचता येतं.