पहिल्या वर्षातला ५जी फोन पुढे किती वर्षं चालतो? तपासणीचा माझा अनुभव

नवं नेटवर्क आलं की पहिल्याच वर्षी त्याचा फोन घ्यायचा, म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं निश्चिंती, असा समज आहे. तो कितपत खरा आहे हे पाहायला मी दोन हँडसेट शेजारी ठेवले: एक २०१९चा, ५जीच्या पहिल्या पिढीतला, आणि दुसरा २०२१चा. दोन्हींच्या खोक्यावर ५जी लिहिलेलं. सिम एकाच कंपनीची, जागाही एकच. फरक कुठे पडतो आणि का पडतो, एवढंच बघायचं होतं.

सुरुवात मॉडेल क्रमांकापासून. फोनचं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाने वेगवेगळ्या देशांत वेगवेगळे हँडसेट विकले जातात आणि आतले बँड, म्हणजे फोन पकडू शकतो ते फ्रिक्वेन्सीचे पट्टे, बदलतात. सेटिंग्जमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत उतरवून घेतला आणि नेमक्या त्याच क्रमांकाची बँडची यादी काढली. जाहिरातीतली यादी बहुतेकदा सगळ्या आवृत्त्यांची एकत्र असते. तिच्यावर विसंबू नये.

मग मोडेम, म्हणजे नेटवर्कशी बोलणारा भाग, पाहिला. खरी मेख इथेच आहे. २०१९च्या बऱ्याच फोनमध्ये क्वालकॉम या चिप कंपनीचा एक्स५० मोडेम होता. हा फक्त ५जीचा. ४जीचा मोडेम मुख्य चिपमध्ये वेगळा. ५जी चालू असताना दोन्ही जागे राहायचे, म्हणून बॅटरी भराभर उतरायची आणि फोन तापायचा. ते एक वेळ चालवून घेता येतं. पण एक्स५० स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराविना चालणारं ५जी पकडत नाही, आणि ज्या बँडमध्ये पाठवायची आणि घ्यायची फ्रिक्वेन्सी वेगळी असते, असे खालचे ५जी बँडही पकडत नाही. पुढचा एक्स५५ या दोन्ही गोष्टी करतो. तो मुख्यतः २०२०च्या फोनमध्ये आला. एक्स६० हा २०२१च्या फोनमधला. खालचा बँड आणि मधला बँड ५जीवरच जोडून वापरणं त्यात आलं. म्हणजे दोन वर्षांत तीन पिढ्या, आणि खोक्यावरचा शब्द तोच.

मोडेम असा अर्धवट का आला, हे प्रमाणांच्या (स्टँडर्डच्या) तारखांवरून कळतं. ४जीवर टेकून चालणाऱ्या ५जीचं प्रमाण डिसेंबर २०१७मध्ये ठरलं, स्टँडअलोनचं जून २०१८मध्ये. चिप घडवायला त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. पहिला फोन घेणारा माणूस प्रमाणाचा पहिला अर्धा भागच विकत घेत होता.

आता प्रत्यक्ष चाचणी. वर पट्टीत दिसणाऱ्या ५जीच्या चिन्हावर माझा भरवसा नाही. ४जीचा टॉवर आपल्या सिग्नलमधून ‘माझ्या जोडीला ५जी आहे’ एवढं जाहीर करतो, आणि काही फोन तेवढ्यावरच चिन्ह दाखवतात. डेटा मात्र ४जीवरूनच वाहत असतो. म्हणून डायलरमध्ये *#*#४६३६#*#* टाइप केलं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर चाचणीचा मेनू उघडतो. त्यात ‘फोन माहिती’मध्ये पसंतीचा नेटवर्क प्रकार बदलता येतो. तिथे ‘एनआर ओन्ली’ निवडलं, म्हणजे फक्त ५जी. २०१९चा फोन लगेच ‘सेवा नाही’वर आला. २०२१च्या फोनने काही सेकंदांत टॉवर पकडला.

इथे एक काळजी घ्यावीच लागते. या स्थितीत फोनला ४जी दिसत नाही, त्यामुळे ५जीवरून आवाज नेणारी व्हीओएनआर सुविधा चालू नसेल तर कॉल जात नाही, आणीबाणीचाही अडकू शकतो. चाचणी संपली की जुना पर्याय परत लावायचाच. आणि नव्या फोनवरही ‘सेवा नाही’ आलं, तर दोष फोनचाच असेल असं नाही. त्या टॉवरवर स्टँडअलोन नसेल, सिम जुनं असेल, किंवा नेटवर्क कंपनीने त्या मॉडेलला परवानगी दिलेली नसेल. दुसऱ्या फोनमध्ये तेच सिम घालून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

टॉवर पकडला म्हणजे नेमका कोणता बँड पकडला? नेटवर्कची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये चॅनेलचा सहा आकडी क्रमांक दिसतो. समजा ६४०००० दिसला. त्यातून ६००००० वजा केले, उरलेल्या ४०००० ला ०.०१५ने गुणलं, आलेल्या ६०० मध्ये ३००० मिळवले: ३६०० मेगाहर्ट्झ. हा एन७८, ३३०० ते ३८०० मेगाहर्ट्झचा बँड. क्रमांक १५१६०० ते १६०६०० यांच्या दरम्यान असेल तर तो ७०० मेगाहर्ट्झचा एन२८; त्याला फक्त ०.००५ने गुणायचं. हा हिशोब एकदा हातात बसला की चिन्हाकडे बघावंसं वाटत नाही.

एन७८ एका वाहकावर, म्हणजे एका सलग चॅनेलवर, १०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी देतो, म्हणून वेग मिळतो. पण भिंत लागली की तो थकतो. एन२८ भिंती ओलांडतो, पण त्याची रुंदी फार थोडी. दोन्ही जोडले तर घरातही वेग टिकतो. २०१९चा फोन खिडकीपाशी एन७८वर झकास चालला. आतल्या खोलीत गेलो आणि तो ४जीवर आला, कारण एन२८ त्याला दिसतच नाही. अपडेटने हे सुधारणार नाही. बँडसाठी लागणारे फिल्टर आणि ॲम्प्लिफायर हे भाग बोर्डावर असावे लागतात.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. टी-मोबाइल या नेटवर्क कंपनीने डिसेंबर २०१९मध्ये ६०० मेगाहर्ट्झवर ५जी सुरू केलं, तेव्हा त्याच वर्षी आधी विकले गेलेले एक्स५०चे फोन त्या ५जीसाठी निरुपयोगी होते. फोन घेऊन वर्षही झालं नव्हतं.

आणखी एक गोष्ट यादीत सहसा सापडत नाही: जोड्या. ४जीवर टेकलेल्या ५जीत फोनला ४जीचा एक ठरावीक बँड आणि ५जीचा एक बँड एकाच वेळी चालवावा लागतो. दोन्ही बँड फोनमध्ये आहेत, पण ती नेमकी जोडी नाही, तर ५जी लागत नाही. म्हणून ५जीचा फोन घेतानाही ४जीच्या बँडची यादी तितक्याच बारकाईने बघावी.

कॉलचा प्रश्न मला वेगापेक्षा गंभीर वाटतो. सुरुवातीचे ४जी फोन डेटा ४जीवर न्यायचे आणि कॉलसाठी ३जी किंवा २जीवर उतरायचे. २०२२मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी ३जी बंद केलं, तेव्हा व्होल्टे, म्हणजे ४जीवरूनच कॉल नेणारी सुविधा, नसलेल्या फोनवरून कॉल होईनासा झाला, जरी आत ४जीचा रेडिओ धडधाकट होता. ५जीत आज कॉल आला की बहुतेक फोन ४जीवर उतरतात. ४जी अजून बरीच वर्षं राहील, त्यामुळे घाई नाही. तरी व्हीओएनआर आहे का, आणि आपल्या कंपनीने त्या मॉडेलवर ते चालू केलंय का, हे घेण्याआधी विचारावं. हे काम सॉफ्टवेअरने होऊ शकतं, म्हणून अपडेट किती वर्षं मिळणार हाही नेटवर्कचाच प्रश्न आहे. मोडेमचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, त्याच अपडेटमधून येतं.

एवढं पाहिल्यावर माझं मत असं झालं: पहिल्या वर्षाचा फोन आजच्या गरजेसाठी घ्यावा, उद्यासाठी नाही. उद्यासाठी घ्यायचा तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीचा मोडेम येईपर्यंत थांबावं आणि आपल्या कंपनीकडे असलेले सगळे बँड, खालचे धरून, यादीत आहेत का ते जुळवावं. फोन वापरलेला घेणार असाल तर २०१९चा ५जी हँडसेट ४जीच्या भावातच मोजावा.

६जीसाठी फोन राखून ठेवणं तर जमणारंच नाही. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने त्याचा आराखडा २०२३मध्ये मंजूर केला आणि व्यावसायिक सेवा २०३०च्या आसपास अपेक्षित आहे. त्याआधीच ६४२५ ते ७१२५ मेगाहर्ट्झचा एन१०४ बँड ५जीच्या प्रमाणात आला आहे. कंपनीने उद्या तो चालू केला, तर आज ज्या फोनच्या यादीत एन१०४ नाही, त्याला तो कधीच दिसणार नाही.