लंडनची जुनी नाट्यगृहे आणि आगीचा इतिहास

लंडनच्या वेस्ट एंडमधील जुन्या नाट्यगृहांत मध्यंतराच्या वेळी रंगमंचावर एक जाडजूड पडदा उतरतो. प्रेक्षक तेव्हा आइस्क्रीमच्या रांगेत असल्याने त्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आग लागल्यास रंगमंच आणि प्रेक्षागृह एकमेकांपासून तोडणारा हा पडदा चालतो की नाही, हे प्रत्येक प्रयोगात प्रेक्षकांसमोर तपासले जाते. या शहराची नाट्यगृहे आगीने किती वेळा हिरावून नेली, हे कळले की त्या पडद्याबद्दल आदरच वाटू लागतो.

ड्रूरी लेनवरील ‘थिएटर रॉयल’ हे त्याचे ठळक उदाहरण. राजा दुसऱ्या चार्ल्सच्या सनदेवर १६६३ मध्ये उघडलेली पहिली इमारत नऊच वर्षांत जळाली. १६७४ मध्ये उभी राहिलेली दुसरी शतकाहून अधिक काळ टिकली, आणि ती पाडून १७९४ मध्ये सुमारे ३,६०० प्रेक्षकांसाठी तिसरी बांधण्यात आली. नाटककार आणि खासदार रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन यांच्या मालकीच्या या इमारतीत लोखंडी पडदा होता, छतावर पाण्याच्या टाक्या होत्या, आणि ही सारी व्यवस्था प्रेक्षकांना अभिमानाने दाखवलीही गेली होती. तरीही २४ फेब्रुवारी १८०९ च्या रात्री ती जळाली आणि शेरिडन आर्थिकदृष्ट्या उद्ध्वस्त झाले. जवळचे कॉव्हेंट गार्डनचे नाट्यगृह तर पाचच महिने आधी भस्मसात झाले होते. ड्रूरी लेनवर १८१२ मध्ये उघडलेल्या चौथ्या इमारतीत आजही प्रयोग होतात.

पुढे गॅसच्या दिव्यांनी धोका आणखी वाढवला. १८८१ मध्ये सॅव्हॉय थिएटर संपूर्णपणे विजेवर उजळले, तेव्हा मालक रिचर्ड डॉयली कार्ट यांनी रंगमंचावर पेटता दिवा फोडून वीज सुरक्षित असल्याचे लोकांना पटवले. मात्र १८८७ मध्ये एक्सेटर शहरातील नाट्यगृहाला गॅसच्या ज्योतीमुळे आग लागली आणि १८६ माणसे दगावली. मृतांमध्ये सर्वांत वरच्या, स्वस्त सज्जातील प्रेक्षक बहुसंख्य होते, कारण त्यांना बाहेर पडायला पुरेसे मार्गच नव्हते. या दुर्घटनेनंतर देशभर नियम कडक झाले. वास्तुविशारद फ्रँक मॅचम यांनी १९०४ मध्ये बांधलेले लंडनचे कोलिझियम नाट्यगृह किंवा त्या काळातील इतर नाट्यगृहे पाहताना पोलादी तुळयांवर तोललेले, मधे खांब नसलेले सज्जे डोळ्यांत भरतात. मला त्यांच्याइतकेच महत्त्वाचे वाटतात ते थेट रस्त्यावर उघडणारे बाजूचे दरवाजे.

सॅव्हॉयला १९९० मध्ये नूतनीकरण चालू असतानाच आग लागली आणि प्रेक्षागृह नष्ट झाले. १९२९ च्या मूळ सजावटीबरहुकूम ते पुन्हा घडवून १९९३ मध्ये खुले करण्यात आले. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये जळाल्याची बातमी इथे वाचली, तेव्हा मला सर्वप्रथम सॅव्हॉयच आठवले. शाहू महाराजांनी उभारलेल्या त्या वास्तूच्या जुन्या नकाशांना आणि छायाचित्रांना पुनर्बांधणीत असाच मान मिळावा, आणि सुरक्षा पडद्याला व बाहेर पडण्याच्या दरवाजांना त्याहूनही अधिक, असे मला मनापासून वाटते.